तुतीच्या अळ्या आणि गार हीटर

लोक हिमालयात जाऊन येतात आणि बर्फाबद्दल लिहितात. मी गारखेड्याहून करमाडला गेले, तिथून शहर ओलांडून म्हैसमाळच्या वाटेवरच्या माहेरी गेले आणि परत आले. एका दिवसाचा प्रवास, पण घरी पोचले तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. आणि हे सगळं गाडीच्या हीटरमुळे! छत्रपती संभाजीनगरात गाडीला हीटर असतो हेच मुळी कुणाच्या ध्यानात नसतं. वर्षातले बहुतेक महिने आम्ही एसीला शिव्या देतो आणि उरलेले दिवस काचा वर करून स्वेटर घालतो.

जानेवारीतली सकाळ होती. चिकलठाण्याच्या पुढे धुकं अजून शेतातून उठलं नव्हतं. शेजारच्या सीटवर मंगल, माझ्या धाकट्या भावाची, दिगंबरची बायको. आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामालाच आली होती. गेल्या पावसाळ्यात हिनं अद्रकाच्या (आल्याच्या) वावरात हट्टानं तुती लावली, रेशमाच्या अळ्या पाळायच्या म्हणून. पहिल्या खेपेला अळ्या उघड्या टेम्पोतून आणल्या. त्या वाटेतच गारठल्या आणि पाल्याला तोंड न लावता मेल्या. तेव्हापासून दिगंबर एकच वाक्य बोलतो, “आता एकच खेप. नाही जगल्या तर तुती उपटून अद्रक.” तो बोलल्याप्रमाणे करतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

म्हणून मंगलनं मला विचारलं होतं, “ताई, तुमच्या गाडीला हीटर हाय ना?”

गाडी मी जुनीच घेतलेली, हीटर कधी लावला नव्हता. पण आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये इंजिन बराच वेळ चालू ठेवून पाहिलं, तर चांगली गरम हवा आली. मी ऐटीत सांगितलं, “आहे म्हणजे काय! फक्कड आहे.”

करमाडजवळच्या केंद्रात चॉकी (दोनदा कात टाकेपर्यंत वाढवलेल्या लहान अळ्या) मिळते. जाळीच्या ट्रेमध्ये बारीक चिरलेला पाला आणि त्यावर करड्या दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या, मोजू म्हटलं तरी मोजता न येणाऱ्या. केंद्रातल्या बाईंनी बजावलं, “आत्ताच कात टाकून उठल्यात. ऊब सांभाळा. गारठल्या की खाणार नाहीत, आणि खाल्लं नाही तर संपलंच.”

ट्रे ठेवण्याआधी मंगलनं गाडीची झडती घेतली. अळ्यांना कसलाही उग्र वास चालत नाही. सेंट नाही, बाम नाही, उदबत्ती नाही. आरशाला लटकवलेली अत्तराची बाटली गेली, माझ्या पर्समधली बामची डबी गेली. मग तिनं माझ्या केसांकडे पाहिलं.

“ताई, तेल वासाचं हाय का?”

“खोबरेल आहे गं. आता मला इथं न्हायला लावतेस का?”

“पदर घ्या डोक्यावरून,” ती म्हणाली. मी पंजाबी ड्रेसची ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळली आणि निघालो.

जालना रोडवर नेहमीप्रमाणे वाहनांची रांग. सिडकोपासून क्रांती चौकापर्यंत दर सिग्नलला थांबणं. माझी चिडचिड सुरू झाली. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. थांबणं मला सोसत नाही. पण हीटर छान चालू होता, मंगल पाय सैल सोडून बसली होती आणि अधूनमधून मागे वळून ट्रेवरचा कागद नीट करत होती. छावणी मागे पडली, रस्ता मोकळा झाला, मी गाडी दामटली. पडेगाव येता येता माझ्या बोटांवर गार वारा लागायला लागला. पंखा तर जोरात चालू होता. बटण आणखी फिरवलं, बंद करून पुन्हा लावलं. छे! हवा गारच.

मंगलनं स्वतःची शाल काढून ट्रेवर टाकली. तिच्या दंडावर काटा आलेला मला दिसला. आदल्या दिवशी मारलेली फुशारकी आठवली.

पडेगावात रस्त्याकडेला एक गॅरेज नुकतंच उघडत होतं. मिस्त्री हातात उदबत्ती घेऊन दुकानाला ओवाळत होता, तसाच तो आमच्याकडे आला. मंगल दार उघडून धावलीच. “ओ भाऊ, ती उदबत्ती तिकडंच ठेवा! अळ्या मरतील माझ्या!”

तो बिचारा दचकून चार पावलं मागे गेला. उदबत्ती खोचून, हात पुसून आला. मी तक्रार सांगितली.

“हीटर? इधर हीटर कौन लगाता आपा?” तो हसला. बॉनेट उघडून त्यानं पाणी पाहिलं, ते भरलेलं होतं. पंखा ठीक होता. हीटरकडे जाणारे पाइप हातानं चाचपले, तर नुसते कोमट. “कुनकुना है बस. वॉल निकाला हुआ है इसका.”

वॉल म्हणजे इंजिनातलं पाणी पुरेसं तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आपल्याकडे उन्हाळ्यात गाड्या तापतात, म्हणून मिस्त्री लोक ती झडपच काढून टाकतात. “मैं खुद निकालता. यहां आधी गाड्यां ऐसीच चलती,” तो म्हणाला. नवी झडप शहरातून आणावी लागणार होती, दुपार झाली असती.

“तोपर्यंत काय करू?”

“भगाओ. इंजिन तपेगा तो हवा गरम आएगी.”

हा सल्ला माझ्या स्वभावाला इतका मानवला की मी त्याचे आभारसुद्धा धड मानले नाहीत. शरणापूर फाटा कधी गेला कळलं नाही. दौलताबादचा किल्ला उजेडात वर आला होता, दर वेळी मी त्याच्याकडे बघते, आज बघितलं नाही. आणि हवा? गाडी जितकी पळवावी तितकी गार. मंगलनं कागदाचं टोक उचलून पाहिलं.

“हलंनात,” ती एवढंच म्हणाली.

“पोचतोय गं, आलंच,” मी म्हणाले आणि आणखी पाय दाबला.

घाटातल्या जुन्या दरवाजापाशी गाडी थांबलीच. एका वेळी एकच वाहन जाईल एवढी ती कमान. तिच्यात उसाची ट्रॉली आणि समोरून एसटी, दोघेही मागे सरायला तयार नाहीत. मी हॉर्न वाजवला, काच खाली करून ओरडले. ट्रॉलीवाला म्हणाला, “मावशी, उडून जाऊ का आता?” मला रडू येईल असं वाटलं. दिगंबर अंगणात उभा असणार, नुसता तुतीकडे बघणार.

तेवढ्यात मंगलनं माझा हात धरला. “ताई, हवा ऊन लागतीय.”

खरंच गरम येत होती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

“गाडी थांबली की ऊन येतीय,” ती म्हणाली. “पळाली की गार.”

पार्किंगमध्ये गरम, सिग्नलला गरम, मोकळ्या रस्त्यावर गार. झडप नाही, म्हणजे पाणी सतत रेडिएटरमधून फिरणार. गाडी पळवली की पुढून वारा त्यावर आदळणार आणि पाणी थंड होणार. सकाळपासून मीच अळ्यांना वारा घालत होते.

“मग वारा अडवा की,” मंगल म्हणाली. “थंडीत आपण शेडला गोणपाट बांधतो तसं.”

रस्त्याकडेला एक बाई पेरू विकत होती. तिच्यामागे पुठ्ठ्याचे रिकामे खोके पडले होते.

“मावशी, एक खोका देता?”

“पेरू घ्या की. गोड हाईत, दौलताबादचे.”

“पेरू नकोत, नुसता खोका.”

तिनं माझ्या डोक्याला गुंडाळलेल्या ओढणीकडे पाहिलं आणि खोक्यांकडे हात केला. पेरू पाहून मला पाणी सुटलं होतं, पण गाडीत त्यांचा घमघमाट सुटला असता. मंगलनं एकेक खोका नाकाशी धरून हुंगला, त्यातल्या त्यात बिनवासाचा निवडला. तो फाडून आम्ही गाडीच्या पुढच्या जाळीच्या निम्म्या भागावर सुतळीनं बांधला. पूर्ण जाळी झाकली असती तर इंजिन उकळलं असतं. तो उद्योग चालला होता तोवर ट्रॉली मागे कडेला सरली, एसटी निघून गेली, कमान मोकळी झाली, आणि आता ट्रॉलीवाला माझ्यासाठी थांबला होता!

उरलेला घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये चढले. मागून हॉर्न, बाजूनं शिव्या, एक डोळा रस्त्यावर, एक तापमानाच्या काट्यावर. हवा कोमट झाली, मग उबदार. खुलताबादच्या पुढे सपाट, सरळ रस्ता लागला, पाय शिवशिवत होता, पण मी बैलगाडीच्या चालीनं गेले. इतका कठीण रस्ता मी आयुष्यात चालवला नाही.

दिगंबर अंगणातच होता. “लई उशीर केला,” म्हणाला. मंगल ट्रे घेऊन शेडमध्ये गेली, ताजा पाला टाकला, दार लोटून घेतलं. मी बाहेर येरझाऱ्या घालत होते. दोनदा दार किलकिलं केलं, दोन्ही वेळा ओरडा खाल्ला. “ताई, ऊब जाती! बसा की जरा!” बाजरीची भाकरी आणि ठेचा पुढ्यात आला, तो कसाबसा गिळला. मग पुन्हा शेडपाशी.

शेवटी तिनंच आत बोलावलं. पाल्याच्या कडेला बारीक, करवतीसारख्या खाचा पडल्या होत्या. काही अळ्या अजून निपचित होत्या. दिगंबरनं दारातूनच पाहिलं आणि विहिरीकडे निघून गेला. त्यामुळे माझा जीव काही भांड्यात पडला नाही.

परत निघाले तेव्हा दुपार कलली होती. घाट उतरून पडेगावजवळ आले आणि फोन वाजला. गाडी कडेला घेतली.

“ताई, उठल्या. अजून पाला मागायल्यात.”

“सगळ्या?”

“थोड्या गेल्या. बाकी समद्या खात्यात.” मग म्हणाली, “दुसरा पाला तुमच्या भावानं टाकला. मी सांगितलं नव्हतं. हात धुऊन आले आन् सवताच बसले.”

मी काहीतरी बोलले असेन, आठवत नाही. फोन ठेवला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडले. आयुष्यभर मला वाटत आलं की घाई म्हणजेच काळजी. धावलं नाही तर माया कमी पडते. शेजारून ट्रक जात होते आणि घर गाठायचं होतं, तरी किल्ली फिरवायची मला मुळीच घाई नव्हती.