पाणी फुटलं ते साल

बारामतीच्या स्टँडवर मला पोचवायला आई आली होती, धाकटा भाऊ बापू आला होता, एवढंच काय, माझ्याशी कधी धड न बोलणारी चुलतीही नवी साडी नेसून आली होती. आबा तेवढे आले नव्हते. सकाळी कन्हेरीच्या घरी मी पाया पडायला गेले, तर खांद्यावर खोरं टाकून ते निघालेच होते. म्हणाले, "आज पाण्याची पाळी हाय. दारं धरायला लागत्याल. जा तू निवांत."

दारं धरायची म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत रानात उभं राहायचं. पाळी हुकली की पुढचं पाणी कधी मिळेल ते पाटकरीच जाणे. हे मला कळत होतं, शेतकऱ्याचीच पोरगी मी. पण मी काही इंदापूरला निघाले नव्हते, इंग्लंडला निघाले होते. इंदापूरला हायवेवरच्या दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा दर सोमवारी हेच आबा मला सायकलवर डबलसीट फाट्यापर्यंत सोडायचे. आणि आता एक दिवस उसाला पाणी मिळालं नसतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पुण्याच्या एसटीत खिडकीशी बसून पाटस येईपर्यंत मी रडले. आईच्या आठवणीनं नव्हे, आबांच्या रागानं.

तुमच्यातलं कुणी असं बाहेर पडलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, परदेशात माणूस काय काय घेऊन जातो. मी लोणचं नेलं, आईनं शिवलेली गोधडी नेली आणि हा राग नेला. लोणचं सहा महिन्यांत संपलं.

उत्तर इंग्लंडातल्या एका गावात वृद्धांच्या केअर होममध्ये मला काम मिळालं. खिडकीतून हिरव्या टेकडीवर मेंढरं दिसायची. आमचं घराणं मूळचं मेंढरं राखणारं, म्हणून फोनवर मी हौसेनं सांगितलं. आबा म्हणाले, "कोणच्या जातीची हायेत?" मी इकडं कशी आहे, हे काही विचारलं नाही. फोन आईकडे दिला.

त्या केअर होममध्ये एक पद्धत होती. नवीन म्हातारं माणूस आलं की त्याच्या आयुष्याची हकिगत एका पानावर लिहून खोलीत लावायची, म्हणजे अंघोळ घालणाऱ्याला, जेवण भरवणाऱ्याला त्याच्याशी काय बोलावं ते कळतं. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. माझं इंग्रजी होतं ते ताप, शुगर आणि बीपीपुरतं. एखाद्याचं ऐंशी वर्षांचं आयुष्य त्यात मावायचं कसं? आमच्या सिस्टरनं युक्ती शिकवली. म्हणाली, तारखा कुणालाच आठवत नसतात, तू दशकं धर. मग मी डोरोथी नावाच्या आजीबाईंची पहिली हकिगत लिहिली. इन द अर्ली फिफ्टीज त्या कापडाच्या गिरणीत होत्या. बाय द लेट सिक्स्टीज त्यांना तीन मुलं झाली होती. थ्रूआउट द सेव्हन्टीज त्या शाळेच्या कँटीनमध्ये राबल्या.

मला ही रीत फार आवडली. दहा वर्षांचा एक ऊस, त्याचा बुडखा अर्ली, मधली कांडी मिड आणि शेंड्याचं वाढं लेट. सालाचा घोळ नाही, चुकायची भीती नाही. शिवाय 'सिक्स्टीज' म्हटलं की तिथल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढं तेच आखूड झगे आणि तीच गाणी उभी राहतात. सगळा देश एकाच वेळी तरुण होता असं वाटावं, इतकं त्यांचं एकमेकांत जमतं. मीही त्यात बसून गेले. कुणी विचारलं, तू इकडं कधी आलीस, की मी म्हणायचे, इन द लेट नाइन्टीज. एवढ्या तीन-चार शब्दांत स्टँड, आई, चुलतीची नवी साडी, सगळं झाकलं जायचं. पुढचं कुणी विचारत नसे आणि ते मला बरं वाटायचं.

गेल्या वर्षी बापूचा फोन आला. आबांची पंच्याहत्तरी करायची ठरली होती. तारीख एक जून, म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली. आमच्याकडं अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचाच. बापू म्हणाला, "ताई, मानपत्र तू लिही. तितं गोऱ्यांची लिहितीस, मग बापाचं लिहाय काय हुतंय?"

मी लिहिलं, आणि अगदी मन लावून लिहिलं. "पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीस जन्मलेल्या आबांनी सत्तरच्या दशकात मेंढपाळीचा परंपरागत व्यवसाय सोडून ऊसशेतीत पदार्पण केले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कन्येने परदेशगमन केले." व्हिडिओ कॉल लावून मी ते आबांना वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "झ्याक हाय. कुणाचं हाय?"

"आबा, तुमचंच की."

"व्हय का? मला वाटलं कारखान्याच्या चेरमनचं."

मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि फोन ठेवल्यावर भीती वाटली. भर मांडवात स्वतःची हकिगत ऐकताना हा माणूस परक्याच्या लग्नाला आल्यासारखा बसून राहणार. आणि आता नाही तर मग कधी लिहिणार होते मी ती? त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, चालताना हात धरावा लागत होता.

मग सुट्टीच्या दिवशी मी त्यांनाच विचारायला बसू लागले. आबांकडे दशक नव्हतं, त्यांच्याकडे सालं होती, आणि प्रत्येक सालाला नाव होतं. सुकडी खाल्ली ते साल, म्हणजे मोठ्या दुष्काळाचं. मेंढरं इकली ते साल. हिरीला पाणी लागलं ते साल. लाल्या बैल बसला तो पुन्हा उठलाच नाही, ते साल. एक नाव सांगितलं की त्यामागून सगळं यायचं, कोण आजारी होतं, कुणाचं लगीन निघालं, बांधावरचं कुठलं झाड पडलं. मी भराभर लिहून घेत होते.

पण एक साल सारखंच यायचं. बापूचं लग्न? "पानी फुटल्यावर पाचव्या वर्साला." घराचा स्लॅब? "पानी फुटल्यालं त्याच्या म्होरच्या साली." ट्रॅक्टर, आईचं ऑपरेशन, नातवाचं जावळ, सगळं पाणी फुटल्यापासून मोजलेलं. घरी सुट्टीला आले की मीही हे ऐकत आले होते. मला वाटायचं, कधीतरी पाट फुटला असेल. आता लिहायचं म्हणून विचारलं, "आबा, पाणी फुटलं ते साल कुठलं?"

"आसंच. एकदा फुटलं व्हतं," ते म्हणाले. "हितं लय ऊन लागतंय," असं म्हणून त्यांनी फोन बापूच्या हातात दिला.

बापू फोन घेऊन परसात गेला. मला म्हणाला, "ताई, तुला खरंच म्हाईत न्हाय? अगं, तू गेलीस त्याच दिशी फुटलं. आबा बांधावर बसून राहिलं. आपला ऊस कोरडा, आन सगळं पानी शेजारच्या तात्यांच्या रानात. काढून टाकल्याला कांदा भिजला त्यांचा. पुढं चार दिस आबा तात्यांच्यात जाऊन कांदा वाळवीत बसलं व्हतं."

मागून आईनं फोन घेतला. "आमाला बजावलं व्हतं त्येनी," ती म्हणाली. "पोरीला सांगू नका, तिचं तिकडं मन लागायचं न्हाय."

उभ्या आयुष्यात आबांच्या हातून कधी सरी फुटली नव्हती. लोक त्यांना दारं धरायला बोलावून न्यायचे. आणि मी एवढी वर्षं काय धरून बसले होते? त्या दिवशी मी फार रडले आणि या वेळी रागानं नाही. नंतर उठले, मानपत्र फाडलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं.

पंच्याहत्तरीला मी कन्हेरीला गेले. दारात मांडव होता, इंदापूरकडचे मामा-मावश्या आल्या होत्या. मी वाचायला उभी राहिले. सुकडी खाल्ली त्या साली, म्हटलं तशा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माना डोलवायला लागल्या. मेंढरं विकली त्या साली, म्हटलं तर आबांनी फेटा सावरला आणि शेजारच्याला मेंढरांचा आकडा सांगितला. मग मी वाचलं, "पाणी फुटलं त्या साली थोरली लेक परदेशी गेली." पुढचं वाचायचं सोडून मी आबांकडंच बघत राहिले.

मागून तात्या उठले. आबांच्याच वयाचे, आणि माईकची त्यांना गरज नव्हती. "पुढचं मी सांगतो," ते म्हणाले. "म्या शिव्या देतच ह्याच्या बांधाला गेलो. म्हटलं, आरं, पानी कुठं चाललंय बघ. तर हा वर बघून म्हणतोय, आता पाटस गेलं आसंल. आता सांगा, माझा कांदा गेला आन ह्याची पोरगी गेली. भांडू कुणाशी?"

मांडव हसला. आबाही हसले आणि फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. उरलेलं मानपत्र बापूनं वाचलं.

केअर होममध्ये अजूनही कुणी विचारलं तर मी इन द लेट नाइन्टीज असंच सांगते. त्यात खोटं काहीच नाही, आणि तिथं तेवढं पुरतं. पण घर कुठं आहे तुझं, असं कुणी विचारलं तर आता मला उत्तर माहीत आहे. माझ्या जाण्यापासून जिथं बापूचं लग्न, घराचा स्लॅब आणि नातवाचं जावळ मोजतात, ते माझं घर.

परत निघाले त्या सकाळी बापूनं गाडी काढली, तर आबा आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसलेले. बारामतीच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागेपर्यंत ते काठी टेकून माझ्याशेजारी बाकड्यावर बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आबा, आज पाण्याची पाळी नाही का?"

"हाय की," आबा म्हणाले. "जाऊ दे, तात्याला सांगून आलोय."