खिडकीतून टाकलेला टॉवेल

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. परवा पुण्याच्या स्टँडवर एकानं जागा धरायला न्हावऱ्याला जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून ओलसर टॉवेल आत टाकला. त्याचा कुबट वास आला आणि मला जुना एक प्रवास आठवला.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी सणसवाडीला कंपनीत कामाला होतो. एकदा अशाच गाडीत रेटून चढलो. सीटवर कुणाचा तरी टॉवेल होता. बेधडक त्याच्यावरच बसलो. मागून एक म्हातारे आले, सोबत दिवस भरत आलेली सून.

"पाव्हणं, हितं माझा टॉवेल व्हता."

"न्हाई आबा, हितं काय नव्हतं."

"मंग उडून गेला का काय?" कंडक्टर म्हणाला. "आबा, टॉवेल दाखवा आन् जागा घ्या."

माणसं हसली. टॉवेलाची ओल माझ्या पॅन्टमध्ये उतरत होती. सून डोळे मिटून दांडीला धरून उभी होती.

सणसवाडी, माझं उतरायचं ठिकाण, आली. मी उतरलो असतो तर तिला जागा मिळाली असती, पण उठलो की टॉवेल दिसणार होता. मी खिडकीबाहेर बघत बसून राहिलो. शिक्रापूरच्या पुढं ती खाली, लोकांच्या चपलांत बसली.

"थोडा दम धर, पोरी," आबा म्हणत होते.

न्हावऱ्याला ते दोघं उतरले, मगच मी उठलो.

तेव्हा भीती होती ती चारचौघांत हसं होण्याची. आता मला दांडीवरचा तिचा हात तेवढा दिसतो. त्या सुनेला तिची जागा आणि आबांना खरं उत्तर, दोन्ही मी अजून देणं लागतो.