चार कोस जिवंत मासळी

मगरीने माझ्या नवऱ्याचा पाय धरला तेव्हा तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहून बुडाच्या खुंटात अडकलेलं जाळं सोडवत होता. तळ्यात मगर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पावसाळा सरताना ती पल्याडच्या खोल डोहात असते, असा आमचा समज. त्याने तिच्या डोळ्यांत दोन्ही अंगठे खुपसले, तेव्हा तिने सोडलं. बैलगाडीत घालून चांद्याच्या दवाखान्यात नेलं. वाटभर मी त्याच्या मांडीला लुगड्याचं फडकं आवळून बसले होते आणि तो मला शिव्या देत होता, हळू आवळ म्हणून. हळू आवळलं असतं तर गाडीतच मेला असता मेला. डॉक्टरांनी पाय गुडघ्यापासून काढला.

मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, नुकतीच गेली होती तेव्हाची ही गोष्ट. तळं आता कोणाचं, यावर वरच्या कचेऱ्यांत काय चाललं होतं ते आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांना कळत नव्हतं. जाळं मात्र आमचं होतं. एका जाळ्यात आठ घरं, आणि आठांचा सारखा हिस्सा. पण हिस्सा फुकट नव्हता. बाजाराच्या दिवशी पहाटे जाळं ओढायचं, मासळी आठ टोपल्यांत वाटायची आणि ज्या त्या घराच्या माणसाने आपली टोपली डोक्यावर घेऊन गोंडपिपरीच्या बाजारापर्यंत चार कोस धावायचं. ऊन तापायच्या आत मासळी जिवंत पोचली पाहिजे. मरळ आणि सिंगी पाण्याबाहेरही बराच वेळ जीव धरून असतात, आणि गिऱ्हाईक जिवंत मासाच मागतं. एका घराची टोपली दुसऱ्या घराने उचलायची नाही. ज्या घराचा मासा जिवंत पोचत नाही त्या घराचा हिस्सा मोडला, तो बाकीच्यांनी वाटून घ्यायचा.

आमच्या घरात धावणारा एकच, तो. वीस वर्षं त्याच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मुली दोन, दोघीही लग्न होऊन वैनगंगेपल्याड गेलेल्या. मुलगा नाही.

पंचांची बैठक आमच्याच अंगणात बसली. धाकटा दीर सगळ्यांत पुढे. म्हणाला, "दादाचा पाय गेला, वाईट झालं. पण रीत ते रीत. हिस्सा सोडा." नवरा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. भावाला एक शब्द बोलला नाही. माझं डोकंच फिरलं. मी चुलीपुढून उठले आणि हातातलं फुंकणीचं नळकांडं घेऊन अंगणात आले.

"मी धावते," म्हटलं.

आधी कोणाला ऐकूच गेलं नाही. मग सगळे जे हसले! दीर म्हणाला, "वयनी, चाळिशी उलटली तुमची. बाईमाणूस टोपली घेऊन धावते काय? एका कोसात फसकन बसान." पंचातला सर्वांत मोठा बुढा तेवढा हसला नाही. त्याने विचारलं, "रीतीत असं कुठी हाय, की माणसानंच धावावं?" कोणाला सांगता येईना. बुढ्याने निकाल दिला. उन्हाळ्याच्या तोंडी पाणी उतरलं की बाजाराचं पहिलं जाळं पडेल, त्या दिवशी बाईने धावावं. पोचली जिवंत मासळी तर हिस्सा राहिला, नाही तर गेला.

तेवढ्या हिवाळ्यात मला धावायला शिकायचं होतं.

मी आयुष्यात धावले होते ती लहानपणी, बकरीमागे. पहिल्या दिवशी लुगड्याचा कासोटा घट्ट मारून तळ्याच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, गेले आणि अर्ध्या पाळीत ओकले. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा बांधल्या गेल्या की ओट्यावरून बसूनच खाली उतरले. गावातली कुत्री मागे लागायची. बाया घागरी खाली ठेवून बघायच्या. एक म्हणाली, "काय वो, कोन मागं लागला तुमच्या?" मी म्हटलं, "तुझा नवरा." रात्री मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कढत करून पायांना चोळायचे आणि चोळता चोळता रडायचे. दुखण्यापेक्षा राग जास्त होता. भावाच्या तोंडासमोर मुकाट पडून राहिलेल्या त्या माणसाचा राग.

तोही सुखासुखी बसला नव्हता. दारात पाट टाकून बसायचा, बगलेत काठी, आणि मी परत आले की सुरू व्हायचा. "आली घोडी! चारा टाका वो घोडीले." एकदा लोटा फेकून मारला, कपाळाला खोक पडली. मी रक्त पुसलं, लोटा विसळला आणि त्याच लोट्यातून त्याला पाणी दिलं.

पाळीची एक फेरी जमली, मग दोन, मग मोजणं सोडलं. श्वास नाकाने घ्यायचा, पाऊल लांब नाही टाकायचं, टाच नाही आपटायची, हे सगळं माझं मीच पडत-धडपडत शिकले. पाळीच्या मऊ मातीवर पाय लाडावतो हे कळल्यावर मुरमाच्या सडकेला गेले. तळपायाची कातडी सोलली, परत आली, ती जाड आली. मग डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर टोपली आणि टोपलीत ओली वाळू. मासळीच्या वजनाइतकी. गोणीभर वाळू मी त्याच्या डोळ्यांदेखत अंगणात आणून टाकली होती आणि रोज त्याच्या डोळ्यांदेखत टोपली भरत होते. वाळू भरताना तो शिव्या देत नसे. नुसता बघत असे. मला वाटे, चला, वळणावर येतोय.

एका पहाटे पाळीवर कोणी तरी बाभळीचे काटे पसरले. अंधार होता, मी धावत गेले ती सरळ त्यातच. चार काटे आरपार शिरले. बसून एकेक उपटला. कोणी केलं ते मला सांगावं लागत नव्हतं. तीच फांदी ओढत दिराच्या अंगणात नेली. तो खाटेवर उघड्या अंगाने झोपला होता. फांदी त्याच्या अंगावर टाकली आणि वरून पायाने दाबली. बोंब ठोकली त्याने. गाव जमा झालं. मी म्हटलं, "पाळीवर पडली होती, तुमची असंल म्हनून आनून देली." आणि लंगडत घरी आले. खरं सांगते, फार बरं वाटलं.

पहिल्या जाळ्याचा दिवस उजाडला. जाळ्याजवळ बाईने जायचं नाही, ही आमची जुनी रीत. बाईने जाळं ओलांडलं तर मासा तळ सोडत नाही म्हणत. एरवी आम्ही बाया पहाटे आधीच बाजाराची वाट धरायचो, जागा धरायला; त्यामुळे टोपल्या भरताना मी उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या. बाजारातही टोपल्या गडीच सोडायचे, मासळी पाण्यात ओतली की मगच आमच्या हाती यायची. त्या दिवशीही मला चिंचेखाली लांब उभं केलं. माझी टोपली दिरानेच आणून पुढ्यात ठेवली. आत मरळ आणि सिंगी, ओल्या, लकलकणाऱ्या. बाकीच्यांनी आपापल्या टोपल्या फडक्यांनी बांधल्या होत्या. मला वाटलं, धूळ बसू नये म्हणून. मी टोपली उचलली आणि निघाले.

पहिला कोस अंधारात गेला. काय सांगू, मी आठांमध्ये चौथी होते! दम जागेवर, पाय जागेवर. मनात म्हटलं, बघ रे दारात बसलेल्या, बघ. मग झुंजूमुंजू झालं, सागाच्या झाडांमधून उजेड टोपलीवर पडला आणि डोक्यावर जणू कोणी कुस्ती मांडली. मासे उसळू लागले. एक डावीकडे आपटला की मान डावीकडे, दुसरा उजवीकडे की मान उजवीकडे. वाळू कधी हलली नव्हती. तेव्हा, ऐन सडकेवर मला कळलं की मी महिनोन्‌महिने मेलेलं वजन घेऊन धावायला शिकले होते. टोपली धरायला दोन्ही हात वर गेले, पाऊल चुकलं आणि मी तोंडावर आदळले. पुढचा दात तुटला. गुडघा फुटला. मासळी मुरमावर पसरली.

पुढे गेलेला दीर टोपली सडकेकडेला ठेवून मागे फिरला. क्षणभर, देवाशपथ, मला वाटलं हात द्यायला येतोय. त्याने एका मरळीच्या डोक्यावर टाच ठेवली आणि फिरवली. कचकन आवाज झाला. "वयनी," तो म्हणाला, "झालं ना? जा आता घरी." आणि दुसरीवर पाय ठेवला.

मग मला काही दिसेना. हाताशी एक सिंगी तडफडत होती. सिंगीच्या पंखाशी काटा असतो, विषारी, लागला तर धिप्पाड गडीही लोळतो. मी तिला मानेशी धरलं आणि उठता उठता दिराच्या तोंडावर हाणलं. काटा गालात रुतला. त्याने माझ्या पोटात लाथ घातली. मी त्याच्या हाताला चावले, तुटक्या दाताने, आणि तोंडात रक्ताची चव आली, त्याचं की माझं कोण जाणे. त्याने केस धरून मला सडकेवर ओढलं. मला दगड सापडला. तो मी त्याच्या नडगीवर घातला, एकदा, दोनदा, हाड वाजेपर्यंत. तो खाली पडला आणि गाल धरून आईला हाका मारू लागला. मी अजून मारलं असतं. दगड वर गेलेला होता. पण खाली मासा उसळला, आणि मला आठवलं मी इथे कशाला आले ते.

टोपलीची कड मोडली होती. मी पदर सोडला, उरलेली मासळी त्यात गोळा केली, सडकेकाठच्या नाल्यात पदरासकट बुडवली आणि घट्ट गाठोडं करून छातीशी धरून पळाले. आधी मासे धडपडले, मग हळूहळू गप्प झाले. सगळेच गप्प. मी गाठोडं हलवून पाहिलं, चापट मारून पाहिली. काही नाही. मेले! उघडून बघायची माझी हिंमत झाली नाही. ऊन चढत होतं, डोक्यावर पदर नाही, तोंडातून रक्त गळतंय, आणि मी मेलेले मासे घेऊन धावत होते. का धावत होते? थांबले असते तर घरी जावं लागलं असतं म्हणून.

बाजारात बाकीचे केव्हाच पोचले होते. बुढा वडाखाली बसला होता. माझा अवतार पाहून उठून उभा राहिला. मी काही बोलले नाही, गाठोडं त्याच्या पुढ्यात ओल्या जमिनीवर सोडलं. उजेड लागला मात्र, सगळ्या मासळीने एकदम उसळी घेतली. एक मरळ थेट बुढ्याच्या धोतरात गेली. मी मटकन खाली बसले आणि हमसून हमसून रडले.

दीर पाठीला टोपली बांधून, दोघा वाटसरूंच्या खांद्यावर हात टाकून उशिरा आला; त्याचीही मासळी जिवंत निघाली. एक डोळा बंद, गाल सुजून भोपळा. तक्रार करायला तोंड उघडेना. "काय झालं बे?" कोणी विचारलं. "ढिवराच्या पोराले सिंगी लागली," दुसरा म्हणाला, आणि सारा बाजार हसला. बुढा म्हणाला, "मासळी कमी हाय, पन जिती हाय. हिस्सा राह्यला."

संध्याकाळी घरी आले. बातमी माझ्या आधी पोचली होती. नवरा दारातच होता. शिवी दिली नाही, दाताचं विचारलं नाही. माझा चिखलाने कडक झालेला पदर बघितला. मग म्हणाला, "पदरानं झाकले म्हनून वाचले. टोपलीत वरून कमळाची ओली पानं घालत जाय, अन् फडकं आवळून बांध. अंधार झाला की मासा हालत नाई. उजेड दिसला की नाचते."

मला कळायला वेळ लागला.

"हे तुले माहीत होतं?" मी म्हटलं. पंचवीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं.

"वीस वर्सं तेच करत आलो."

"मी वाळू भरून राह्यली होती, रोज. तू पाहून राह्यला होता."

"हो."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

तो खाली बघत होता. "तू पडायले पायजे होती," म्हणाला. "तू पोचली असती त माह्यी गरज कोनाले राह्यली असती?"

मी त्याच्या बगलेतली काठी ओढून घेतली. त्याने डोक्यावर हात घेतले नाहीत, सरकला नाही. पाठीवर घातली, सगळा जीव एकवटून. काठीचे दोन तुकडे झाले. तो हुंकारलादेखील नाही. मी तुकडे चुलीत टाकले आणि त्यावर भात शिजवला. त्याने खाल्ला, मीही खाल्ला. दुसऱ्या दिवशी रानातून त्याच्यासाठी नवी काठी तोडून आणली, तासून दिली.

पुढच्या बाजाराला मी टोपलीवर कमळाची पानं घातली, फडकं आवळलं. मासळी शेवटपर्यंत हलली नाही. पाऊल कुठे चुकलं नाही, दम कुठे अडला नाही, पहिल्या तिघांत पोचले. आणि चारही कोस मी त्याला शिव्या घालत, ओक्साबोक्शी रडत धावले.