बाबांची क्रूझर

आमच्या डोंबिवलीच्या घरात माझ्या लहानपणापासून एक सोविएत युद्धनौका नांदत आली आहे. तिचं नाव लांबलचक आणि रशियन. आईने ते कधीच घेतलं नाही, सवतीचं घेत नाहीत तसं. ती नुसतं ‘ती’ म्हणायची. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्रॉइंग तपासायचे. तिथे रद्दीत निघालेल्या एका रशियन पुस्तकात त्यांना या क्रूझरचे आराखडे सापडले, आणि ती त्यांच्या डोक्यात बसली ती बसलीच. रशियन त्यांना येत नव्हतं. समुद्राचं म्हणाल तर घारापुरीच्या लाँचमध्ये त्यांना उलटी झाली होती. पण ड्रॉइंग वाचता येत असेल तर भाषा कशाला लागते, असं त्यांचं म्हणणं. इतिहास त्यांनी पुढे इंग्रजी पुस्तकांतून जमवला.

तिची जन्मकथा आम्हाला पाठ होती. झारच्या काळात सांगाडा उभा राहिला, मग क्रांती झाली, काम पडून राहिलं, आणि नव्या राजवटीने प्लॅन बदलून ते पुरं केलं. आमच्या बिल्डिंगचंही असंच झालेलं, फक्त क्रांतीऐवजी बिल्डर पळाला होता. नव्या मालकांना लहान तोफांच्या जागी मोठ्या तोफा हव्या होत्या. जुन्या सांगाड्याला वजन पेलेना. शेवटी डेकवरच्या एका फिरत्या बुरुजात एकच तोफ, अशा चार मोठ्या तोफांवर भागवावं लागलं. त्या मारा लांबवर करायच्या, पण त्यांच्या नळ्या भराभर झिजायच्या. हे सांगताना बाबा इतके हळहळायचे, की पाहुण्यांना वाटायचं, घरातल्याच कुणाच्या गुडघ्यांबद्दल चाललंय.

युद्धातला पराक्रम ऐकायला लोक सरसावून बसायचे आणि हिरमुसायचे. कारण शत्रूचं मोठं जहाज तिला समोरासमोर कधी भेटलंच नाही. काळ्या समुद्रात ती वेढा पडलेल्या बंदरांत सैनिक नेऊन सोडायची, येताना जखमींना आणायची, मधल्या वेळात किनाऱ्यावर तोफा डागायची. ‘म्हणजे एसटीच की,’ असं आई म्हणायची. एकदा मात्र क्रिमियातल्या एका बंदरात सैनिक उतरवायला ती गोळ्यांच्या माऱ्यात थेट धक्क्याला लागली आणि मार खाऊन परतली. पुढे विमानांनी तिचा मागचा भाग फोडला, तरी पाणी भरलेल्या अवस्थेत घरी आली. इथे बाबांचा आवाज चढायचा आणि आईला हमखास कुकरची आठवण व्हायची.

अलीकडे बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग आपली गल्ली, मग माझ्या नवऱ्याचं नाव. शेवटच्या गोष्टीचं मला फारसं वाईट वाटलं नाही, नवऱ्याला वाटलं. कल्याणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, यांना ज्यात रस आहे त्यावर यांना बोलतं ठेवा. घ्या. जिला बुडवायला आम्ही जंग जंग पछाडलं, ती आता आम्हालाच तरंगती ठेवायची होती.

पण विचारलं की बाबा ‘बघू’ म्हणून गप्प बसायचे. युक्ती आईला सापडली. जन्मभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर लाल पेन्सिल चालवलेला माणूस तो. लग्नपत्रिका आली तरी आधी चुका शोधणार, मग लग्न कुणाचं ते बघणार. अशा माणसाला विचारायचं नसतं, त्याच्यासमोर चुकायचं असतं. आई चहा गाळता गाळता सहज म्हणाली, की तुमची ती जर्मनांनीच बांधलेली ना. बाबा ताडकन सरळ बसले आणि चहा निवेपर्यंत बोलत राहिले.

मग आम्ही चुका करायला लागलो. दर रविवारी मी ठाण्याहून एखादी चूक घेऊन जायचे. पण नीट चुकायलाही विषय ठाऊक असावा लागतो, माझ्या चुका लवकर संपल्या. आईच्या संपेनात. कुठला बुरुज, कुठलं बंदर, भगदाड कुठे पडलं, सगळं तिच्या डोक्यात जागच्या जागी होतं. म्हणजे एवढी वर्षं कुकरपाशी उभी राहून ती सगळं ऐकत होती. मला तिचा चक्क राग आला. मी समजत होते, आम्ही दोघी एका पक्षातल्या.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आई म्हणाली, “बारा तोफा होत्या ना हो तिला?”

बाबा चहात बिस्कीट बुडवत होते. “असतील,” ते म्हणाले.

आईने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती म्हणाली, “चार होत्या,” आणि पहिल्यापासून सांगायला लागली. सांगाडा, वजन, झिजणाऱ्या नळ्या, बंदरं, जखमी. कुठेही न चुकता. बाबा पुढे झुकून, नवी गोष्ट ऐकावी तसे ऐकत होते. बिस्कीट चहात विरघळून गेलं. विमानं आली तेव्हा त्यांनी आईचं मनगट धरलं.

“मग? वाचली का ती?”

युद्धातून ती वाचली होती. पण पुढे म्हातारी झाल्यावर तिच्याच नौदलाने नवं क्षेपणास्त्र आजमावायला तिचा निशाणा केला आणि तिला बुडवलं. हा शेवट बाबा कधी गाळायचे नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला गाळू द्यायचे नाहीत. आईलाही तो माझ्याइतकाच ठाऊक होता.

“वाचली ना,” आई म्हणाली. “अजून आहे.”

मी बाबांकडे बघत राहिले. त्यांनी आईचं म्हणणं खोडून काढावं, आवाज चढवावा, वाटल्यास पाहुण्यांदेखत करतात तसा अपमान करावा, असं मला आतून ओरडून सांगावंसं वाटत होतं.

“बरं झालं,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी तिचं मनगट सोडलं.