पहिलटकरांचा खण

कारखान्यात त्याला तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे शंकासुर. दोन्ही नावं त्याला ठाऊक होती, आणि दुसरं कोणी पाडलं असावं याबद्दल तिघांवर त्याचा वहीम होता.

माणूस साचेवाला. टेबलावर मांडून खेळायचा जादूच्या राज्याचा एक खेळ, त्यातले राक्षस, चेटकिणी, पंखवाले सर्प. बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या पुतळ्या. त्यांचे साचे करायचे आणि वितळलेला धातू त्यात ओतायचा, हे काम तो तीस वर्षं करत होता. जन्मभर राक्षसांचे दात कोरले, पण त्याला खरे दात दिसायचे ते माणसांच्या हसण्यात. दूधवाला जरा मोकळं हसला, की हा भांडं नाकाशी नेऊन हुंगायचा.

गार साच्यातला पहिला नग कधीच धड निघत नाही. धातू टोकापर्यंत पोचायच्या आत गोठतो. कुणाचं शिंग अर्धं, कुणाचा पंजा तीन बोटांचा. त्याला कारखान्यात पहिलटकर म्हणत. इतर ओतारी तो परत कढईत टाकतात. हा टाकत नसे. उमेदवारीत एकदा कुणाच्या तरी चुकीचं खापर याच्या साच्यावर फुटलं होतं. तेव्हापासून दर खेपेचा पहिलटकर तो जपून ठेवी. तळाला सुईनं तारीख ओरखडायची, नग टेबलाच्या खणात टाकायचा आणि खणाला कुलूप. किल्ली कमरेला. ‘उद्या कोणी बोट दाखवलं तर पुरावा नको?’ असं तो म्हणे. तीस वर्षांत बोट कोणी दाखवलं नाही. खण मात्र भरत गेला.

आणि एक दिवस त्या खणाला खरंच पुरावा म्हणून भाव आला.

खेळाचे हक्क एका थोरल्या कंपनीचे. पुतळ्या घडवून विकायचा परवाना या कारखान्याच्या मालकाकडे. परवान्यात एक कलम होतं: दर वर्षी निदान एकदा तरी नवा माल ओतलाच पाहिजे, एक वर्ष जरी कोरडं गेलं तरी हक्क परत. दोन वर्षांपूर्वी मालकांनी धातूचा खर्च वाचवायला जुनाच साठा विकून वर्ष काढलं होतं. तेव्हा कंपनीनं ढुंकून पाहिलं नाही. आता खेळ घरोघरी पोचला, पुतळ्यांना मागणी आली, तशी कंपनीला कलम आठवलं. मालक म्हणाले, ओतला होता. कंपनी म्हणाली, दाखवा. प्रकरण दोघांनी मान्य केलेल्या लवादापुढे गेलं. परवाना गेला की अकरा माणसं घरी. त्यात रंगकामावर साचेवाल्याची लेक आणि बांधणीवर जावई.

“काका, तुमच्या खणात असेल की त्या सालाचा एखादा,” मालक म्हणाले.

“भट्टीच पेटली नव्हती, मालक.”

“बघा तर खरं. वय झालं की माणूस विसरतो.”

वयाचा विषय निघाला तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

कंपनीची वकीलबाई आली. खण उघडून तिनं नग ओळीनं मांडले, मोजले, तळाच्या तारखांसकट फोटो काढले. साचेवाला तिच्या बोटांवरून नजर हलवेना.

“काका, मी काही खिशात घालत नाही,” ती हसली.

“मी कुठं काय म्हटलं?” म्हणत तो आणखी जवळ सरकला.

दुसऱ्या दिवशी कोणी कामावर यायच्या आत त्यानं खण उपसला. बाईनं काय लांबवलं ते बघायला. मोजले, पुन्हा मोजले. दोनशे तेरा असायला हवेत, भरले दोनशे चौदा. तो स्टुलावर टेकला. चोर उचलून नेतो. ठेवून कोण जातं?

तो जास्तीचा नग शोधायला वेळ लागला नाही. लंगड्यालुळ्या गर्दीत एक पंखवाला सर्प नवरदेवासारखा उभा होता. शेपटीच्या टोकापर्यंत भरलेला, एक खवला कमी नाही. तळाला त्या कोरड्या सालातली तारीख. अक्षर हुबेहूब त्याचं.

आधी संशय मालकावर गेला, मग वकीलबाईवर, की अडकवायला तिनंच घुसडला. पण रेंगाळला तो जावयावर. जावई हा माणूस सात वर्षं त्याच्या नजरेखालीच नांदत होता. त्यानं त्याला बांधणीच्या टेबलाशी गाठलं.

“माझी किल्ली कधी हातात घेतलीत?”

“मामा, तुमच्या घरात मी पाण्याचा पेला विचारून घेतो. किल्ली कुठली?”

“मग खणात सर्प कोणी ठेवला?”

“सर्प?” जावयानं दोरी खाली ठेवली. “दाखवा बरं.” उलटासुलटा करून तो म्हणाला, “हा तर पहिल्या प्रतीचा माल. मी असतो तर फुटका घातला असता. इतकी अक्कल आहे मला.”

बोलणं उर्मट होतं, पण खोट काढता येईना. फुटका नग सोडून चांगलाच उचलेल असा हात कुणाचा? साचेवाल्यानं रंगकामाच्या खोलीकडे पाहिलं. तिथं सकाळचं पहिलं काम एकच: वाईट नग टोपलीत टाकायचे, निर्दोष तेवढे पुढे ओढायचे. लेक ते चौदा वर्षं करत होती. वाईटाकडे तिचा हात जातच नसे. त्यानं तारखेचा ओरखडा नखानं खरवडला. आत काळा रंग भरून जुना केलेला. आणि त्याचा हात भाजला होता त्या दोन महिन्यांत तारखा कोणी घातल्या होत्या? त्यानंच शिकवून तिच्याकडून घालून घेतल्या होत्या.

त्यानं सर्प खिशात टाकला.

दुपारी ती एकटीच चेटकिणींचे डोळे रंगवत बसली होती. तो समोर बसला.

“किल्ली कधी काढलीस?”

तिनं कुंचला धुतला. “तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा.”

“मालकांनी सांगितलं?”

“नाही. मीच त्यांना म्हटलं, बाबांचा खण दाखवा.” मग ती हळूच म्हणाली, “अकरा घरं आहेत, बाबा. एका सापानं कुणाचं काय बिघडतं?”

“माझ्या खणात खोटा नग.”

“तुम्हाला तसे सगळेच खोटे दिसतात. एक खरोखरच खोटा निघाला तर एवढं काय?”

तो खिशातला सर्प चाचपत उठला.

त्यानं मनाशी ठरवलं, सर्प खिशातच राहील आणि खण जसा होता तसा लवादापुढे जाईल. कोरडं साल कोरडंच दिसेल, लेकीचं नावही निघणार नाही. पण फोटो तो विसरला होता.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि पंखा कुरकुरत होता. वकीलबाईनं खण मोजला आणि फोटो पुढे सरकवला.

“त्या दिवशी दोनशे चौदा होते. आज एक कमी. नेमका वादाच्या सालाचा. कुठं गेला, काका?”

मालक खुर्चीत पुढे सरकले. एक शब्द, ‘हरवला’, आणि फोटोतला सर्प त्यांच्या बाजूनं उभा राहिला असता. साचेवाल्यालाही ते कळत होतं. त्यानं खिशातून सर्प काढून टेबलावर ठेवला.

“हा पहिलटकर नाही. हा पुरा भरलाय. त्या साली ओतकाम झालं नाही.”

मालकांनी डोळे मिटून घेतले.

“मग खणात आला कसा?” लवादानं विचारलं. “कोणावर संशय?”

कारखान्यातलं दुसरं कोणी तिथं असतं तर हसलं असतं. ज्याचा भाताच्या शितावरही संशय, त्याला हे विचारणं म्हणजे मुंगीला साखर दाखवणं. पण त्यानं कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

“किल्ली माझी, खण माझा,” तो म्हणाला. “जे झालं ते माझ्याकडून झालं धरा.”

“म्हणजे खोटी तारीख तुम्ही घातली?”

“अक्षर माझंच आहे.”

वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. “मग बाकीच्या दोनशे तेरांवर आम्ही विश्वास का ठेवायचा?”

तीस वर्षांचा खण त्याच्यासमोर उघडा होता. खोलीतली माणसं आधी खणाकडे आणि मग त्याच्याकडे बघत होती. ती नजर त्याला अनोळखी नव्हती. तो स्वतः आजवर दूधवाल्याकडे, जावयाकडे अशीच नजर लावून बघत आला होता.

“नका ठेवू,” तो म्हणाला.

लवादानं खण पुराव्यातून काढला. त्या सालाचा दुसरा कागद मालकांकडे नव्हता. परवाना गेला. महिन्याभरात साचे बांधून कंपनीकडे पाठवायचे असं ठरलं. मालकांनी त्याला चार दिवस हाक मारली नाही. पाचव्या दिवशी मारली, पण ‘काका’ न म्हणता.

साचे बांधायच्या दिवशी लेक रद्दी कागदात एकेक गुंडाळून खोक्यात ठेवत होती. जावई दोरी आवळत होता. भिंतीवरच्या फळ्या मोकळ्या होत होत्या.

“माझं नाव का नाही सांगितलंत?” तिनं वर न बघता विचारलं.

“कोणी विचारलं नाही.”

“बाबा, विचारलं होतं. मालक सांगत होते.”

तिनं बांधून बाजूला ठेवलेलं खोकं त्यानं पुढे ओढलं आणि गाठ सोडायला लागला. आत सगळं यादीप्रमाणे आहे का ते बघायला. जावई म्हणाला, “मामा, आताच आवळलं मी ते.” लेकीनं त्याला खुणेनं गप्प केलं. मग गाठ सुटेना तेव्हा तिनंच कात्री उचलून बापाच्या हातात दिली.