आवाजाचा पाट

पडदा वर जातो. कासूजवळच्या एका खाडीकाठच्या गावात देवळापुढचा रंगमंच, पलीकडे मिठागरांची पांढुरकी रेघ, आणि मंचाच्या मागच्या कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथे, एक रिकामा लाकडी पाट. नटमंडळी त्याला वळसा घालून चालतात.

या गावच्या नाटकात देवी दिसत नाही, नुसती बोलते. बोलणारी बाई त्या पाटावर बसते, आणि पाट जागचा हलवायचा नाही अशी रीत. लग्न होऊन आल्यापासून तिथे कान्हूची जनी बसली. माघात ती गेली. गावाने पाट तिच्या धाकट्या बहिणीला, सरूला देऊ केला. कान्हू आडवा आला. मिठागर सोडून त्याने सारा जन्म लग्नमांडवांत स्पीकर लावले होते, आणि जनीची गेल्या वर्षीची तालीम त्याच्या मोबाइलमध्ये होती.

"या वर्षी पण तीच बोलंल," तो म्हणाला.

"आवाज जनीचाच वाटला तर," पंच म्हणाले. "नायतर सांजच्या खेळाला सरू बसंल."

कान्हूने स्वतः ठोकलेला स्पीकरचा डबा पाटावर ठेवला. डब्याच्या पाठीला मुठीएवढं गोल भोक होतं. आतली हवा त्यातून ये-जा करते, म्हणून आवाज भरदार होतो. मांडवात तो डबा भिंतीपासून हातभर पुढे असे. इथे भोक थेट कोपऱ्यात तोंड खुपसून बसलं.

बटण दाबलं आणि जनी बोलली. पण घागरीत तोंड घालून बोलावं तशी. दोन्ही भिंतींनी खालचा सूर फुगवून परत धाडला. शब्दाशब्दाला भोकातून हवेचा फुस्कारा येई. पाटाजवळची सरू झटकन मागे सरली. तिच्या पोटरीला वारा लागला होता.

"ही माझी बहीण नाय, दाजी," ती म्हणाली. "हे दुसरंच कायतरी हाय."

"डबा पुढं घेतला की साफ होईल."

"पाटावरनं? येडा झालास काय, कान्हू," मागून विमलबाई म्हणाल्या. वेशभूषा त्यांच्याकडे. "बसायची तर ती तिथंच."

कान्हू घरी गेला. जनीचं लुगडं आणलं, घट्ट बोळा केला आणि भोकात ठासून बसवला. डबा आता बंद झाला. पुन्हा बटण दाबलं. घुमारा गेला, आवाज बारीक झाला, आणि जनी त्या कोपऱ्यातून अशी स्वच्छ बोलली, की विमलबाईंच्या हातातला शालू खाली पडला. पंचांनी मान हलवली. सरू मात्र पाटाकडे बघत राहिली.

"तीच हाय, दाजी. पण श्वास घेत नाय."

दिवेलागणीला खेळ झाला. देवी बोलली, माणसं हात जोडून बसली. खेळ संपताच कान्हूने वायर काढली, मोबाइल खिशात टाकला. पटांगण रिकामं झालं. खाडीवरचा वाराही पडलेला.

सरू पाटाला नमस्कार करायला वाकली आणि तशीच थांबली. डब्याच्या मागून लुगड्याचा बोळा हळूहळू बाहेर येत होता. अर्धा आला, थांबला, मग अलगद पाटावर पडला. तिने भोकापाशी हात नेला आणि लगेच मागे घेतला.

"गरम लागतंय, दाजी. परत ठासा ना तो."

कान्हूने बोळा उचलला, उलगडला, लुगड्याची नीट घडी घालून खांद्यावर टाकली.

"राहू दे गो," तो म्हणाला. "कवापासनं कोंडली होती ती."