मारेगावची डबी

चाचा माणसाचं तोंड नंतर बघत, आधी हात बघत. उमरखेडच्या त्यांच्या गादीच्या दुकानाची पायरी कुणी चढलं, की गादी एकेरी हवी की दुहेरी हे विचारण्याआधी त्यांची नजर त्या माणसाच्या मनगटाखाली गेलेली असे. "साबन बदला, बाई," असं ते एखादीला पहिल्याच भेटीत सांगत. एखाद्या गवंड्याला म्हणत, "सिमेंटात हात घालाच्या आंधी तेल काहून नाई लावत?" दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर बायांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. पण चाचा सत्तरीला आलेले, भुवयांवर बाराही महिने कापसाचे तंतू चिकटलेले, आणि बोलण्यात अशी काळजी की राग यायला जागाच उरत नसे.

ते जातीचे पिंजारी. आजोबांनी धनुकलीवर कापूस पिंजला, यांनी विजेच्या यंत्रावर. दुकानाच्या मागच्या अंगाला एक खोली होती, ती मी भाड्याने घेतली होती. मी मूळचा रत्नागिरीकडचा. उमरखेडच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला आलो, तेव्हा इथली थंडी कोरडी असते एवढंच ऐकून होतो. कोरडी म्हणजे काय ते पहिल्या मार्गशीर्षात कळलं. लहानपणी कधीतरी माझ्या कोपराच्या खोबणीत खाज यायची, ती समुद्राच्या दमट हवेत विसरून गेलो होतो. इथे ती खडूच्या धुळीला धरून परत आली, मनगटापासून बोटांपर्यंत पसरली. कातडीला चिरा पडल्या. पोरं वही देताना कोपऱ्याला धरून देऊ लागली. चहाच्या टपरीवर माझ्या शेजारचं बाकडं रिकामं राहू लागलं. कुणी काही बोललं नाही, आणि मीही हात खिशात घालून वावरायला शिकलो.

चाचांनी ते हात खिशातून काढायला लावले. दिवस मावळायच्या सुमारास मी खोलीकडे चाललो होतो. त्यांनी यंत्र बंद केलं आणि म्हणाले, "सर, हात दावा." मी टाळाटाळ केली. "लागट नाई हे," ते म्हणाले. "माह्या पोरीले होतं. पाळन्यात होती तवापासून. आमच्या मोहल्ल्यात कोनाले लागलं नाई." आणि त्यांनी माझा हात धरला. दोन महिन्यांत माझ्या हाताला कुणी हात लावला नव्हता. मला भलत्या वेळी भरून आलं, आणि ते लपवण्यासाठी मी त्यांना विचारलं की या गोष्टीला काही शास्त्रीय आधार आहे का. मी असाच माणूस आहे.

मलम ते स्वतः करत. मधमाशीचं मेण आणि घाण्याचं तीळतेल, एवढंच. मेण पैनगंगेच्या जंगलातून मध काढणारा एक कोलाम आदिवासी म्हातारा आणून देई. जाड बुडाच्या पातेल्यात तेल कोमट करायचं, मेण किसून टाकायचं, विरघळलं की उतरवायचं आणि निवेपर्यंत ढवळत राहायचं. मी एकदा सुचवलं की थोडा कापूर घाला, वास छान येईल. चाचा स्वतः अत्तराचे शौकीन, कानात फाया नसेल तर बाहेर पडत नसत. पण मलमात वास म्हणजे त्यांना गुन्हा वाटे. "नाकाले बरं वाटते अन् कातडी जळते," म्हणाले. हळद नाही, लिंबू नाही, कापूर नाही. माझ्या आईने फोनवर सुचवलेले सगळे उपाय त्यांनी एका दमात निकालात काढले.

लावण्याचीही त्यांची एक पद्धत होती. आधी कोपराच्या आत एवढंसं लावायचं आणि एक दिवस थांबायचं. आंघोळीचं पाणी कढत नको. अंग खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि ओल आहे तोवर मलम लावायचं. "सर, मलम काई पानी देत नाई. ते कुलूप हाय. आत पानी असंल तवाच कुलूप लावाचं. रिकाम्या घराले कुलूप लावून काय फायदा?" स्वेटरच्या आत सुती बनियन हवंच, कारण लोकर ही मेंढीच्या अंगावरच शोभते असं त्यांचं ठाम मत होतं. कापूसवाल्याचं मत, ते दुसरं काय असणार. पण ते वैद्यकीचा आव आणत नसत. एकदा माझ्या बोटाच्या चिरेतून पाणी यायला लागलं, तर त्यांनी डबीला हातच लावू दिला नाही. "हे आता माह्याकडचं नाई. डाक्टरकडे जा," म्हणाले, आणि संध्याकाळी जाऊन आलो की नाही ते विचारायला दारात उभे राहिले.

त्यांची ती पोरगी म्हणजे रेहाना. लग्न होऊन मारेगावला गेली होती. नवऱ्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, दोन मुलं. चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवाळीनंतर पहिली हुडहुडी भरली की चाचा एक दिवस दुकान बंद ठेवत आणि मलम करत. पहिली डबी रेहानाची. ती कापसात गुंडाळून, वर जुन्या गादीच्या कापडाची पिशवी शिवून ते बसस्टँडवर जात. यवतमाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे ती द्यायची, त्याने यवतमाळला वणीच्या गाडीवर चढवायची, आणि मारेगावला जावई उतरवून घेई. इतक्या वर्षांत एकदाही डबी हरवली नाही असं ते अभिमानाने सांगत. पातेलं खरवडून जे उरलेलं निघे ते माझं.

मग दोन-तीन दिवसांनी फोन वाजे. यंत्रापाशी आयुष्य गेल्यामुळे चाचांना कमी ऐकू येई, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असायचा आणि मला मागच्या खोलीत सगळं ऐकू यायचं.

"अब्बा, डबी भेटली."

"भेटली का? लावून राह्यली ना?"

"हो, लावते."

"ओल्या अंगावर लावजो."

"हो, अब्बा."

मग "ठेवते" आणि "ठेव". मिनिटभराचा मामला. पण त्या दिवशी चाचा गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. महिन्याभराने डबी संपली का म्हणून इकडून फोन जाई, संपली म्हणून तिकडून येई, पुन्हा डबी, पुन्हा फोन. होळीपर्यंत हे चाले. उन्हाळाभर आणि पावसाळाभर मात्र फोन क्वचितच वाजे. एवढ्या वर्षांत मी त्या बापलेकींना दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलताना ऐकलं नाही.

माझ्या पाचव्या हिवाळ्यात एका सहकाऱ्याच्या लग्नाला मला वणीला जायचं होतं. चाचांनी डबी माझ्याच हाती दिली. "यंदा हातोहात जाऊ द्या," म्हणाले. मारेगावला उतरून घर शोधलं. रेहाना पस्तिशीची, वडिलांसारखीच मितभाषी. तिने पाणी दिलं तेव्हा मी, सवयीने म्हणा की चाचांच्या संगतीने म्हणा, तिचे हात बघितले. स्वच्छ, मऊ, एक ओरखडाही नाही. मी कौतुकाने म्हटलं, मलमाने चांगलाच गुण आलेला दिसतो.

ती हसली. "ते तर केव्हाच गेलं, सर. थोरला झाला तवापासून नाई. दहा वर्षं होत आली."

"मग डब्या?"

"सासूच्या टाचेले लावते. लेकरांच्या ओठाले. शेजारपाजारच्या नेतात." चहा झाला, मी निघालो, तेव्हा ती दारापर्यंत आली. "अब्बाले सांगजा, डबी भेटली म्हनून. बस, येवढंच सांगजा."

येवढंच. हा शब्द तिने दोनदा सांगितला असता तरी माझ्या डोक्यात शिरला असता की नाही, शंका आहे. खरं बोलण्याचा मला तेव्हा रोग होता. आणि ही तर आनंदाची बातमी होती. ज्या पोरीसाठी बापाने जन्मभर पातेलं ढवळलं, ती ठणठणीत बरी आहे, हे बापाला कळायला नको? परतल्याबरोबर मी दुकानात शिरलो आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

चाचांनी यंत्र थांबवलं. "अल्लाचा शुकर हाय," म्हणाले. जिलेबी मागवली, मला दिली, समोरच्या सायकलवाल्याला दिली. ते खरोखर खूश झाले होते, यात मला आजही संशय नाही. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कवापासून म्हनली?"

"दहा वर्षं."

"दहा," ते म्हणाले, आणि यंत्र सुरू केलं. मी खोलीत जाऊन कपडे बदलून आलो तरी ते पिंजतच होते. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की तो सकाळीच पिंजून झालेला कापूस होता.

त्या हिवाळ्यात पुढे डबी गेली नाही. पुढच्या दिवाळीनंतर थंडी पडली, माझ्या बोटांना चिरा गेल्या, तरी पातेलं चुलीवर चढेना. मी विचारलं. "पोरगी बरी हाय आता, सर," चाचा म्हणाले. "कोनासाठी करू?"

मी त्यांच्यासमोर उभा होतो, फुटलेले हात घेऊन. मला राग आला. खरं सांगायचं तर वाईट वाटलं, लहान मुलाला वाटतं तसं. आपण सहा हिवाळे या घरात काढले, पण आपल्या वाट्याला आलं ते पातेल्याच्या कडेचं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्याही लक्षात आलं असावं. माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "करतो. उद्या करतो." तो उद्या काही उजाडला नाही. बसल्या जागी त्यांचं लक्ष उडू लागलं होतं. गादीला टाके घालता घालता सुई हातात धरून थांबत.

नेमका त्याच आठवड्यात रेहानाचा मला फोन आला. "सर, यंदा डबी नाई आली. अब्बाची तब्येत बरी हाय ना?"

मी जे घडलं ते सांगितलं.

"मी म्हनलं होतं ना, येवढंच सांगजा," ती म्हणाली. रागावून नाही, थकून.

मी माफी मागितली. म्हटलं, तू फोन कर त्यांना, बरं वाटेल.

"काय म्हनून करू? अम्मी होती तवा अम्मी बोलाची. अब्बासंग मले बोलताच येत नाई, सर. त्याईले बी येत नाई. डबी भेटली सांगाचं म्हनून फोन होत होता. आता कायले करू?"

सहजच कर, असं मी म्हटलं. आमच्यात सहज नाही करत, असं ती म्हणाली. आणि मला माझे वडील आठवले. रत्नागिरीला फोन केला की ते "आईला देतो" म्हणून रिसीव्हर बाजूला ठेवायचे.

मी माझ्या परीने सारवासारव करायला गेलो. चाचांना म्हटलं, असं दुखणं पूर्ण जात नाही हं, थंडीत परत उलटू शकतं, रेहानालाही थोडी खाज सुटलीय म्हणे. चाचा माझ्याकडे बघून मंद हसले. "सर, तुमाले खोटं नाई बोलता येत," म्हणाले. "गनितवाले तुमी."

पौषात, दुपारच्या वेळी, दुकानात बसल्या बसल्याच ते गेले. सायकलवाल्याला वाटलं डुलकी लागलीय. मारेगावला फोन मीच केला. रेहाना नवऱ्यासोबत आली, दफन झालं, घरात चार बाया तिच्याजवळ बसल्या. परत निघायच्या दिवशी ती मागच्या खोलीच्या दारात आली. डोळे कोरडे होते.

"सर, अब्बानं यंदा मलम केलं होतं का?"

"हो," मी म्हणालो. "तुझी डबी भरून ठेवलीय म्हणाले होते. सामानात सापडली की पाठवतो."

तिने मान हलवली आणि गेली.

मग मी बाजारातून तीळतेल आणलं. मेणासाठी दोन आठवडे थांबलो, तो कोलाम म्हातारा येईपर्यंत. चाचा गेल्याचं ऐकून तो दुकानाच्या पायरीवर खूप वेळ बसला, आणि मेण देऊन निघून गेला. पाच हिवाळे मी त्या पातेल्यापाशी बसलो होतो, चाचांशी गप्पा मारल्या होत्या, पण तेल किती आणि मेण किती हे कधी विचारलं नव्हतं. एरवी सगळ्याचं माप घेणारा मी. पहिला घाणा करपला. दुसरा निवला तेव्हा डबीत भरला, कापसात गुंडाळला, पिशवी शिवता येईना म्हणून सुतळीने बांधला, आणि यवतमाळच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती दिला. त्याने पत्ता विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"सर, डबी भेटली."

"बरं झालं," मी म्हणालो. फोन कानाला धरून मी रिकाम्या खोलीत उभा राहिलो.

"मेन जरा जास्ती झालं," ती म्हणाली. "पुढच्या साली कमी टाकजा."